गिऱ्हाईक, वाढपी आणि बक्षिसी

भांडवलशाही आपल्या समर्थनार्थ जे दावे करीत असते त्यांतील सर्वांत लोकप्रिय दावा असा की, बाजार माणसाची जात वा वर्ण विचारीत नाही; तो फक्त त्याच्या खिशातील नाणे पाहतो. ज्याच्याजवळ दाम आहे तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे राजा! हा दावा रोजच्या व्यवहारात पडताळून पाहायचा असेल तर उपाहारगृहासारखे दुसरे ठिकाण नाही. तिथे माणसे भूक घेऊन येतात, एकाच छपराखाली बसतात, एकाच दरपत्रकातून पदार्थ मागवितात आणि सारखाच दाम मोजतात. मग सर्वांना सारखीच वागणूक मिळते काय? आणि मिळत नसेल तर दोष कोणाचा?

या प्रश्नाचे एक नमुनेदार उत्तर अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेथील ‘डेनीज’ ही साखळी-उपाहारगृहांची कंपनी १९५३ साली कॅलिफोर्नियातील लेकवुड येथे डोनट विकणाऱ्या एका दुकानापासून सुरू झाली. चाळीस वर्षांत देशभर तिची सुमारे दीड हजार उपाहारगृहे झाली. हमरस्त्याच्या कडेला, रात्रंदिवस उघडी, कुठल्याही गावात गेलात तरी तीच अंडी, तेच पॅनकेक, तीच कॉफी आणि सामान्य माणसाला परवडेल असा दर, ही तिची ख्याती. मालवाहू गाडीचा चालक, रात्रपाळीचा कामगार, विद्यार्थी, निवृत्त म्हातारे जोडपे हे तिचे गिऱ्हाईक. श्रीमंतांच्या पंचतारांकित भोजनगृहाशी तिचा काही संबंध नाही. म्हणूनच तिच्या टेबलांवर जे घडले ते महत्त्वाचे.

अॅनापोलिसची न्याहारी

१ एप्रिल १९९३ रोजी सकाळी मेरीलँड राज्यातील अॅनापोलिस येथील डेनीजमध्ये एकवीस जण न्याहारीसाठी आले. सर्व जण गणवेशात होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या ‘सीक्रेट सर्व्हिस’चे ते कर्मचारी. अध्यक्ष क्लिंटन त्या दिवशी तेथील नौदल अकादमीला भेट देणार होते. एकवीस जणांपैकी सहा कृष्णवर्णीय अधिकारी एका टेबलावर बसले होते. गोऱ्या सहकाऱ्यांपुढे बशा आल्या, काहींनी दुसऱ्यांदा मागवून खाल्ले; परंतु या सहा जणांपुढे जवळजवळ तासभर काहीच आले नाही. शेवटी ते उपाशीपोटीच कामाला निघून गेले. कंपनीने प्रथम खुलासा केला तो असा की, हा भेदभाव नव्हे, सेवेतील दिरंगाई आहे. गर्दी होती, मागणी मोठी होती, स्वयंपाकघराला वेळ लागला.

‘सेवेतील दिरंगाई’ या शब्दांकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. उपाहारगृहात होणारा अपमान बहुधा याच वेषात येतो. दारावर पाटी लावून हाकलून देण्याचे दिवस गेले की पाणी उशिरा येते, मागणी ‘विसरली’ जाते, बिल आधी मागितले जाते. अपमान झालेल्या माणसाला तो सिद्ध करता येत नाही. करणाऱ्याला तो सहज नाकारता येतो. अॅनापोलिसच्या सहा जणांच्या बाबतीत अडचण अशी झाली की, त्यांचा गणवेश सरकारी होता, साक्षीदार त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसले होते आणि त्या साक्षीदारांच्या बशा भरलेल्या होत्या. अन्यथा ही तक्रारही इतर शेकडो तक्रारींप्रमाणे केराच्या टोपलीत गेली असती.

कारण तक्रारी आधीपासून होत होत्या. डिसेंबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका गटाला डेनीजमध्ये बसण्यासाठी जादा आकार द्या, आणि जेवणाचे पैसे आधी मोजा, असे सांगण्यात आले होते. तिथेच बसलेल्या गोऱ्या तरुणांना अशी अट घातली नव्हती. त्या प्रकरणातून मार्च १९९३ मध्ये मोठा सामुदायिक दावा दाखल झाला. केंद्र सरकारच्या न्याय खात्यानेही कंपनीविरुद्ध कारवाई केली, आणि दैवदुर्विलास असा की, ज्या १ एप्रिलला अॅनापोलिसचे सहा जण रिकाम्या टेबलावर बसले होते त्याच दिवशी कॅलिफोर्नियातील न्यायालयात, यापुढे भेदभाव करणार नाही, या कंपनीच्या लेखी हमीवर शिक्कामोर्तब होत होते! एकाच वेळी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांची संख्या फार झाली की व्यवस्थापक ‘ब्लॅकआउट’ हा सांकेतिक शब्द वापरीत आणि नव्या कृष्णवर्णीयांना परत पाठवीत, असा आरोप कंपनीत काम केलेल्यांनीच केला.

मे १९९४ मध्ये कंपनीने तडजोड केली. ५ कोटी ४४ लाख डॉलर देण्याचे तिने मान्य केले. सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाच्या खटल्यांतील ती तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम होती. जवळजवळ तीन लाख गिऱ्हाइकांना तिचा वाटा मिळाला. दरडोई हिशेब केला तर तो दोनशे डॉलरहूनही कमी भरतो. परंतु पैशापेक्षा आकडा बोलका आहे. तीन लाख माणसांच्या ‘सेवेतील दिरंगाई’ला योगायोग म्हणत नाहीत.

कायदा होता, तरीही

हे घडले तेव्हा अमेरिकेत कायदा नव्हता असे नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ या साखळी-दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याच दुकानात वह्या-दंतमंजन घ्यायला त्यांना मुभा होती, पैसे घेताना कोणाला विटाळ होत नव्हता. परंतु कॉफीचा पेला मिळत नव्हता. चौघे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी आले, आठवडाभरात शेकडो आले, आणि दक्षिणेतील शहराशहरांत ‘बसा-सत्याग्रह’ सुरू झाले. जुलैमध्ये त्या काउंटरने हार मानली. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि उपाहारगृहांत वर्णभेद करणे बेकायदा ठरले. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील ‘ऑलीज बार्बेक्यू’ या कौटुंबिक उपाहारगृहाने त्याविरुद्ध दाद मागितली. त्याचे मालक कृष्णवर्णीयांना खिडकीतून बांधून देत, आत बसू देत नसत. माझा धंदा स्थानिक, केंद्राचा काय संबंध, हा त्यांचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये तो फेटाळला. तुम्ही शिजविता ते मांस दुसऱ्या राज्यातून येते, तेव्हा तुम्ही आंतरराज्य व्यापाराचा भाग आहात, असे बजावले.

म्हणजे सत्याग्रह झाला, कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. आणि तीस वर्षांनंतर अॅनापोलिस घडले. ज्यांना वाटते की एकदा कायदा केला की सामाजिक प्रश्न मिटतो, त्यांनी हे अंतर मोजावे. आणि ज्यांना वाटते की बाजार पसरला, धंदा आधुनिक झाला, कारभार संगणकावर गेला की जुने भेद आपोआप गळून पडतात, त्यांनीही मोजावे.

दोष कोणाचा?

अशा प्रसंगी पहिला बळी कोणाचा जातो? त्या टेबलावरील परिचारिकेचा आणि त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाचा. अॅनापोलिसच्या व्यवस्थापकाला कंपनीने काढून टाकले; त्याने तक्रार वर कळविली नाही, हे कारण. त्या व्यवस्थापकाची वकिली करण्याचे आम्हांला कारण नाही. पण दीड हजार उपाहारगृहांत एकच रोग दिसत असेल तर त्याचे मूळ एका माणसाच्या दुष्टपणात शोधणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

साखळी-उपाहारगृह चालते कसे? पदार्थांची यादी, मापे, दर, वाढण्याची पद्धत, गणवेश, हसण्याची तऱ्हासुद्धा मुख्य कचेरीत ठरते. स्थानिक व्यवस्थापकाच्या हाती एकच गोष्ट उरते: तासाला किती माणसे कामावर ठेवायची आणि मालाची नासाडी किती होऊ द्यायची. विक्रीच्या अमुक टक्क्यांत मजुरी आणि तमुक टक्क्यांत माल बसविणे, ही त्याची परीक्षा. डेनीजची मालक असलेली ‘फ्लॅगस्टार’ कंपनी त्या काळी कर्जाने वाकलेली होती. १९९२ मध्ये ‘कोलबर्ग क्रॅव्हिस रॉबर्ट्स’ या वित्तसंस्थेने ३० कोटी डॉलर घालून तिचा सुमारे ४७ टक्के हिस्सा घेतला होता, तरी १९९७ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलीच. अशा कंपनीत व्याजाचा हप्ता शेवटी कोणाच्या अंगावर फुटतो? मध्यरात्री दोन माणसांचे काम एकट्याने करणाऱ्या वाढप्याच्या आणि भटारखान्यातील आचाऱ्याच्या. खाऊन पैसे न देता निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची भीती व्यवस्थापकाला सतावते, आणि ‘असे कोण करील?’ हा प्रश्न आला की समाजात आधीच तयार असलेला पूर्वग्रह उत्तर घेऊन हजर होतो. नफ्याची चिंता आणि वर्णाचा द्वेष यांची अशी सोयरीक जमते. द्वेष व्यवस्थापकाने शोधून काढला नाही. पण हिशेबाने त्याला काम मिळवून दिले.

बक्षिसीचा फास

याहून खोल गेलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे बक्षिसी. आपल्याकडे जिला ‘टिप’ म्हणतात ती. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नोकरीवर घेऊन वेतनाऐवजी गिऱ्हाइकाच्या दयेवर सोडणे अमेरिकन मालकांना सोयीचे वाटले. ‘पुलमन’ कंपनीच्या शयनयान गाड्यांतील हमाल-सेवक हे त्याचे ठळक उदाहरण. तुटपुंजा पगार आणि बाकी सारे प्रवाशाच्या मर्जीवर. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारण्याचीही रीत नव्हती. सगळेच ‘जॉर्ज’, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन! १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याने त्यांची संघटना बांधली. बारा वर्षे झुंज दिल्यानंतर १९३७ मध्ये कंपनीने तिच्याशी करार केला. त्या संघटनेची एक मागणी अशी होती की, आम्हांला बक्षिसी नको, पुरेसे वेतन हवे. हेच रँडॉल्फ पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुख संघटक झाले, आणि त्या मोर्चाच्या नावात ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ हे दोन्ही शब्द होते, हे आपण विसरू नये.

उपाहारगृहांतील वाढप्यांची मात्र सुटका झाली नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या किमान वेतन कायद्यात त्यांचा समावेश झाला तो अशा अटीवर की, त्यांना मिळणारी बक्षिसी मालकाने वेतनात धरावी. १९९१ पासून मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा केंद्रीय दर ताशी २ डॉलर १३ सेंट आहे. तो त्या वेळच्या किमान वेतनाच्या निम्मा होता. १९९६ मध्ये ते नाते तोडून दर तिथेच गोठविण्यात आला. पुढे सर्वसाधारण किमान वेतन २००९ मध्ये ७ डॉलर २५ सेंट झाले. वाढप्याचे २ डॉलर १३ सेंट जागचे हलले नाहीत. बक्षिसी कमी पडली तर तूट मालकाने भरावी असे कायदा सांगतो खरा. पण बक्षिसी किती मिळाली याची वही कोणाच्या हातात? २०२५ मध्ये बक्षिसीच्या उत्पन्नाला २५ हजार डॉलरपर्यंत केंद्रीय प्राप्तिकरातून सवलत देण्यात आली आणि तिचा गाजावाजाही झाला. मालकाने वेतन वाढवावे, हे मात्र कोणी त्या कायद्यात लिहिले नाही. सरकारने आपला कर सोडला. मालकाचे सेंटही सुटले नाही.

जो माणूस गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जगतो तो गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला शिकतो. कोण किती देईल, याचा अंदाज बसल्याबरोबर बांधावा लागतो. आणि अंदाजाला आधार असतो कपड्यांचा, बोलीचा, कातडीच्या रंगाचा. ‘ही माणसे काही देत नाहीत’ असा समज पसरला की त्या टेबलाकडे पाय वळत नाहीत; सेवा वाईट मिळाली म्हणून ते गिऱ्हाईक खरेच कमी देते; आणि समज खरा ठरल्याचे समाधान मिळते. बक्षिसीची पद्धत अशी भेदभावाला किफायतशीर करते. शिवाय तीच पद्धत परिचारिकेला गिऱ्हाइकाचा चावटपणा हसून सोसायला लावते, कारण तक्रार केली तर त्या दिवसाची कमाई बुडते.

तरीही इथे एक इशारा दिला पाहिजे. सारा दोष वेतनाचा आहे, वेतन सुधारले की वर्णद्वेष संपेल, असा सोपा निष्कर्ष आपल्या पक्षातील काही मित्र काढतील. वस्तुस्थिती त्यांना साथ देत नाही. कॅलिफोर्नियात बक्षिसी वेतनात धरण्यास मनाई होती. तेथील वाढप्याला पूर्ण किमान वेतन मिळत असे. आणि सॅन होझेची घटना कॅलिफोर्नियातच घडली! भाकरीचा प्रश्न सोडविल्याने मानाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. वर्ग आणि जात यांपैकी खरे कोणते, या जुन्या वादात दोन्ही बाजूंनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. तडजोडीनंतर डेनीजने पुष्कळ काही केले. स्वतंत्र देखरेख स्वीकारली, प्रत्येक नोकराला समान वागणुकीचे शिक्षण दिले, वेष पालटून जाणारे तपासनीस नेमले गेले, वरच्या जागांवर कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतील माणसे घेतली. २००० आणि २००१ मध्ये ‘फॉर्च्युन’ या उद्योगपतींच्या नियतकालिकाने अल्पसंख्याकांसाठी उत्तम अशा कंपन्यांच्या यादीत तिला पहिले स्थान दिले. कायद्याचा बडगा आणि संघटित नागरिकांचा दबाव यांनी एवढा बदल होऊ शकतो, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. पण ज्या राज्यांत २ डॉलर १३ सेंटचा दर कायदेशीर होता तिथे तो कायदेशीरच राहिला. गिऱ्हाइकाला न्याय मिळाला. वाढपी होता तिथेच राहिला. मानाचा प्रश्न सोडविल्यानेही भाकरीचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

आपल्या घरात

हे सारे वाचून अमेरिकेच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. परंतु विटाळ मानण्याची विद्या आपण कोणाकडून शिकलो नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. एका कपाने महाराजांनी जे सांगितले ते अनेक जाहीरनाम्यांना सांगता आले नाही. घटनाकारांना हा विषय क्षुल्लक वाटला नाही. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला, १९७६ मध्ये तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. तरीही गावच्या चहाच्या टपरीवर दलितांचा कप वेगळा ठेवण्याची चाल कितीतरी वर्षे टिकली. १९७० च्या दशकात बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ गावोगाव न्यावी लागली, ती कायदा अस्तित्वात असताना.

आणि वाढप्याचे काय? मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत राइसप्लेट आणणारा, टेबल पुसणारा, मोरीवर कपबश्या विसळणारा पोऱ्या कोठून येतो, किती तास राबतो, कोठे झोपतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे-हॉटेलांत कामाला ठेवण्यावर बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी केवळ सूचना दिली की पुरे. चहाची टपरी, खानावळ, लहान हॉटेल अशी बहुसंख्य ठिकाणे तिथेच गळतात. एके काळी समाजवादी कार्यकर्त्यांना या क्षेत्राचे भान होते. जॉर्ज फर्नांडिस यांच्या कामगार चळवळीचा आरंभच मंगळूरच्या वाहतूक आणि हॉटेल कामगारांत झाला होता. पुढे गिरणी, रेल्वे, बंदर यांसारख्या मोठ्या उद्योगांकडे आपले लक्ष वेधले गेले आणि टेबलाजवळ उभा असलेला कामगार नजरेआड झाला.

मधल्या काळात ‘सेवाशुल्क’ नावाची एक नवी रीत आली. बिलाच्या तळाशी दहा टक्के परस्पर जोडायचे, आणि ते वाढप्यांसाठी आहेत असे सांगायचे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ही सक्ती बेकायदा ठरविली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. मालकांचा एक युक्तिवाद असा की, सेवाशुल्क बंद झाले तर नोकरांचे नुकसान होईल. नोकरांच्या कल्याणाची ही कळकळ स्तुत्य आहे! पण मग ती रक्कम पदार्थाच्या दरात मिळवून पगारपत्रकावर का दाखविली जात नाही? पगारपत्रकावर आली की तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी लागतो, बोनस लागतो, हिशेब मागता येतो. गिऱ्हाईक आणि नोकर यांना परस्परांच्या गळ्यात अडकवून मालकाने बाजूला उभे राहायचे, ही युक्ती अमेरिकेत जुनी आहे, आपल्याकडे नवी.

आज तिला मोबाइलची जोड मिळाली आहे. जेवण संपले की पडद्यावर पाच तारे येतात. सेवा कशी वाटली? गिऱ्हाईक रागाने एक तारा देतो. त्याच्या रागाची कारणे खरी असतात: पोळी थंड होती, पाणी तीनदा मागावे लागले. पण पाच टेबले एकाच पोराकडे कोणी सोपविली, हे विचारण्याची सोय त्या पडद्यावर नाही. तारा मुख्य कचेरीत जातो, आणि तिथून शिक्षा बनून त्या पोराच्या डोक्यावर उतरते. ग्राहकाच्या तक्रारीचे असे कामगारावरच्या चाबकात रूपांतर होते, आणि चाबूक ओढणाऱ्याच्या हातालाही ते कळत नाही.

हा सुखवस्तूंचा विषय नव्हे

दुष्काळ, बेकारी, शेतमालाचे भाव असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना हॉटेलातील सेवेची चर्चा पक्षाच्या पत्रात कशाला, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. त्यांना उत्तर असे की, शहरात स्थलांतर केलेल्या लक्षावधी कष्टकऱ्यांचे रोजचे जेवण आज खानावळीत आणि हॉटेलात होते. ते सुखवस्तू नाहीत. आणि त्यांना वाढणारा माणूस बहुधा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच दुष्काळाने हाकललेला असतो. दोघांमध्ये फक्त एक टेबल आहे. भांडवलाने त्या टेबलाची भिंत केली आहे. ती पाडणे हे संघटनेचे काम आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येईल: मालकीच बदलली पाहिजे, मग हे सुटे प्रश्न राहणारच नाहीत. मालकी बदलता येते, हे आपल्या देशात सिद्ध झालेले आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करून कामगारांना काढायला घेतले तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७-५८ पासून ‘इंडियन कॉफी हाउस’ स्वतः चालवून दाखविली. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. श्रमिकाला परवडेल अशा दरात झुणका-भाकर, आणि नफा हा हेतू नाही. ही दोन्ही उदाहरणे अभिमानाची आहेत. पण सहकारी झाल्यामुळे चहा आपोआप गरम राहत नाही, आणि वाढपी भागीदार झाल्याने गिऱ्हाइकाशी आदराने बोलण्याची सवय आपोआप लागत नाही. तिथेही तक्रार ऐकावी लागते, तिथेही जात दारातून आत येऊ पाहते. मालकीच्या बदलाने एक अडथळा दूर होतो. बाकीचे काम माणसांनाच करावे लागते.

तेव्हा तूर्त हाती घेण्याजोग्या गोष्टी कोणत्या? उपाहारगृहातील प्रत्येक कामगाराला, मग तिथे दहा माणसे असोत वा दोन, नेमणुकीचे पत्र, नोंद आणि किमान वेतन मिळावे. बक्षिसी गिऱ्हाइकाने खुशीने दिली तर कामगाराने घ्यावी. ती वेतनात धरता येऊ नये आणि तिच्यात मालकाचा हात असू नये. साखळी कंपन्यांनी चालविण्यास दिलेल्या उपाहारगृहांतील वेतनाची आणि वागणुकीची जबाबदारी ज्या कंपनीची पाटी दारावर आहे तिच्यावरही असावी. दुसऱ्याकडे बोट दाखवून तिला सुटता येऊ नये. भेदभावाच्या तक्रारीत कामगाराने खरी साक्ष दिली तर त्याच्या नोकरीला संरक्षण असावे. डेनीजमधील प्रकार उजेडात यायला आतल्या माणसांचे बोलणे उपयोगी पडले होते, हे लक्षात घ्यावे. आणि ग्राहक संघटना व हॉटेल कामगारांच्या संघटना यांनी निदान शहरपातळीवर एकत्र बसावे.

यांतले शेवटचे कलम सर्वांत अवघड, आणि त्याची सुरुवात मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येते. आपल्या शाखांच्या सभा संपल्यावर कार्यकर्ते ज्या हॉटेलात चहाला बसतात तिथे त्यांनी पुढच्या वेळी दोन प्रश्न विचारावेत: इथे सर्वांना सारखा कप मिळतो काय, आणि कप आणून देणाऱ्याला महिनाअखेर किती मिळते? पहिला प्रश्न विचारून दुसरा गाळणारे समतेच्या अर्ध्या वाटेवर थांबले आहेत. दुसरा विचारून पहिला गाळणारेही तिथेच थांबले आहेत.